स्पेनचे न्यायाधीश गार्सोन

ता. १६ आक्टोबर १९९८ च्या रात्रीं लंडनच्या एका रुग्णालयांत, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर विश्रांति घेणाऱ्या एका वृद्ध सेनापतीस ब्रिटिश पोलिसांनीं अटक केली. सेनापति म्हणजे चिलीचा माजी सर्वाधिकारी आउगुस्तो पिनोशे. आणि ज्यांच्या मागणीवरून ही अटक झाली ते माद्रिदच्या राष्ट्रीय न्यायालयाचे ४२ वर्षांचे न्यायाधीश बाल्तासार गार्सोन.

चिलींतील गुन्ह्यांशीं स्पेनच्या न्यायाधीशाचा संबंध काय, असें तेव्हां पुष्कळांनीं विचारलें. उत्तर स्पेनच्याच १९८५ च्या एका कायद्यांत होतें. वंशसंहारासारखा गुन्हा पृथ्वीवर कोठेंही घडो, त्याची चौकशी स्पेनमध्यें करतां येई. घरीं तर पिनोशेनें १९७८ सालींच माफीचा कायदा करून आपल्या लोकांस निर्धास्त केलें होतें.

ब्रिटनच्या उमरावसभेंतील न्यायाधीशांनीं मार्च १९९९ मध्यें निर्णय दिला कीं, छळाच्या गुन्ह्यांत माजी राष्ट्रप्रमुखासही अभय नाहीं. मात्र १९८८ च्या अखेरीपूर्वींचे गुन्हे वगळावे. बहुतेक अत्याचार त्यापूर्वींचेच! पुढें प्रकृतीच्या कारणावरून मार्च २००० मध्यें पिनोशे सुटला, आणि सांतिआगोच्या विमानतळावर पोंचतांच चाकांच्या खुर्चींतून उठून चालूं लागला. तरी गार्सोन यांचे श्रम व्यर्थ गेले नाहींत. कैद्यांना विमानांतून समुद्रांत लोटल्याची कबुली देणारा अर्जेंटिनाचा नौदल अधिकारी आदोल्फो सिलिंगो यास २००५ सालीं माद्रिदमध्यें शिक्षा झाली.

२००८ सालीं गार्सोन यांनीं स्वदेशाकडे दृष्टि वळविली. यादवी युद्धांत व फ्रँकोच्या अमलांत नाहींशा झालेल्या सुमारें १,१४,००० माणसांची चौकशी त्यांनीं आरंभिली. पण माफीचा कायदा स्पेनमध्येंही होता, १९७७ चा. त्यांच्यावरच खटला भरला गेला व मे २०१० मध्यें त्यांना निलंबित करण्यांत आलें. २०१२ सालीं त्या खटल्यांत ते निर्दोष ठरले. परंतु त्याच महिन्यांत, लांचलुचपतीच्या दुसऱ्या एका प्रकरणांत आरोपी व त्यांचे वकील यांचीं तुरुंगांतील संभाषणें ऐकण्यास परवानगी दिल्याबद्दल त्यांना ११ वर्षें न्यायासनावरून दूर केलें गेलें. हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. वकिलाशीं झालेलें बोलणें गुप्त राहिलें नाहीं, तर आरोपीचा बचाव तो कसला? तथापि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनें २०२१ सालीं हे खटले निःपक्षपाती नव्हते असा अभिप्राय दिला.

फ्रँकोच्या बळींचे वारस मात्र स्वस्थ बसले नाहींत. एप्रिल २०१० मध्यें ते समुद्रापलीकडे गेले, आणि स्पेनमध्यें घडलेल्या गुन्ह्यांची फिर्याद त्यांनीं अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेस येथील न्यायालयांत दाखल केली.