नदीतल्या माशांची कुळकथा

पुण्याच्या मुळा-मुठेला महाशीर माशाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. कर्नल विल्यम साइक्स याने १८३९ साली याच नदीतल्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या जातीला ‘खुद्री’ हे नाव दिले. त्या काळी मासा ओळखायचा तो खवले मोजून आणि तोंडाची ठेवण पाहून. पण रूप सारखे म्हणून कूळही एकच, असे थोडेच असते!

कुळाची खूण शोधण्याची वाट १९५५ साली मोकळी झाली. ऑलिव्हर स्मिथीज याने बटाट्याच्या पिष्टाच्या थरातून वीज खेळवून रक्तातील प्रथिने निराळी केली; प्रथिनाची घडण वेगळी, तर त्याची चालही वेगळी. १९६६ साली लेवॉन्टिन व हबी यांनी हीच रीत फळमाशांच्या समूहांना लावली, आणि मत्स्यशास्त्रज्ञांनीही ती उचलली. पुढे १९८० नंतर डीएनएचा अल्पसा अंश अनेक पटींनी वाढविण्याची युक्ती सापडली. तेव्हापासून पराचा एक तुकडा पुरतो; मासा मारावा लागत नाही. मात्र एकाच खुणेवर निवाडा करता येत नाही. सूत्रकणिकेतला डीएनए केवळ आईकडून येतो. बाप परका असला तरी त्यात उमटत नाही. म्हणून आईबाप दोघांकडून येणाऱ्या, पेशीकेंद्रातल्या खुणाही तपासाव्या लागतात.

या खटाटोपाचे मोल कावेरीने दाखवून दिले. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात १९७० नंतरच्या दशकात महाशीराची पैदास होऊ लागली आणि ती पिले कावेरीसारख्या दूरच्या नद्यांतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला. तो नेमका कोण, याचा निर्णय डीएनएच्या साहाय्याने लागला तो २०१८ साली: कावेरीचीच उपनदी असलेल्या पांबारमधून २००७ साली वर्णिलेला ‘रेमादेवी’ तोच हा. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांनी तो गांजला होताच. त्यात पाहुण्यांची गर्दी झाली. ओळख पटली, तेव्हा ओळखायला थोडेच उरले होते.

शेतकरी बी पेरण्यापूर्वी ते पारखून घेतो. नदीत मासे सोडणाऱ्याने निदान तेवढी तरी चौकशी करावी, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.