तांत, नायलॉन आणि पोलाद

रेवदंडा-चौलचा किनारा पोर्तुगीजांनी 1740 साली मराठ्यांना सोडला. शेजारच्या कोर्लईत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आजही बोलली जाते. त्या काळच्या युरोपीय गिटारला मेंढीच्या आतड्याची तांत लावीत. तांत दमट हवेत पाणी शोषते आणि स्वर ढळतो. कोकणच्या पावसाळ्यात तिचा निभाव लागणे कठीणच.

दुसऱ्या महायुद्धात आतड्याचे धागे शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागले आणि वाद्यांना तांत मिळेनाशी झाली. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनची तार रूढ केली. पोलादी तारांची गिटार अमेरिकेत 1920च्या दशकापासूनच प्रचारात येत होती. पोलाद पाणी शोषत नाही, पण खाऱ्या हवेत लवकर गंजते.

मग किनाऱ्यावरच्या शाळेने तारा बदलताना नायलॉनच घ्यावे का? याचा निर्णय हवेवर नव्हे, वाद्याच्या बांधणीवर करावा लागतो. मर्सेन यांच्या 1636च्या नियमानुसार लांबी व स्वर तेच असतील, तर तार जितकी जड तितका ताण जास्त. नायलॉनच्या सहा तारांचा ताण सुमारे 40 किलोग्रॅम वजनाइतका असतो, पोलादी तारांचा 70च्या आसपास. नायलॉनसाठी बांधलेल्या गिटारवर पोलाद चढवले, तर घोडी उखडू शकते.

म्हणून वाद्याच्या मूळच्या जुन्या तारा टाकण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्यांना चुंबक लावून पाहू द्यावे. जाड तारांवर तांब्याचे किंवा काशाचे वेष्टन असले, तरी आतले पोलाद लपत नाही.