नरक्या: घाटावरचं झाड आणि त्यातलं औषध

मुळशीच्या घाटमाथ्यावर, ताम्हिणीच्या रानात नरक्या नावाचं एक झाड आहे. फुलांना घाण वास, म्हणून हे नाव. या झाडाचं दैव कसं पालटलं, ते आज सांगतो.

मनसुख वाणी हे नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेत ते मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करत. एका चिनी झाडाचा अर्क कॅन्सरवर चालतो, असं दिसलं होतं. पण अर्कात पदार्थ कितीतरी, त्यातला गुणकारी कोणता? त्यांनी अर्काचे भाग पाडले. ज्या भागात गुण दिसला तोच पुढे घ्यायचा, पुन्हा भाग पाडायचे. अशी पाखडणी करत १९६६ साली एक पदार्थ हाती आला, कॅम्प्टोथेसिन.

हे वेगळं करणं कसं असतं? खडूवर शाईचा ठिपका द्या आणि खडूचं टोक पाण्यात उभं करा. पाणी वर चढतं, तसे शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. प्रयोगशाळेत पाल्याच्या अर्कातले पदार्थही साधारण असेच वेगळे करतात.

१९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातले गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तोच पदार्थ आपल्या नरक्यात असल्याचं दाखवलं.

पण नुसता तो पदार्थ रुग्णांना दिला, तेव्हा मूत्राशयाला इजा झाली आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्यात बदल करून टोपोटेकान घडवलं. १९९६ मध्ये अमेरिकेत ते बीजाशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. म्हणून सांगतो, नरक्याचा काढा घरी कुणी करू नये.

औषधाला मागणी आली आणि रानात कुऱ्हाड आली. पाला तोडला तर झाड पुन्हा फुटतं. पण पानांपेक्षा हा पदार्थ लाकडात, सालीत आणि मुळांत जास्त. त्यामुळे सह्याद्रीत झाडं मुळासकट गेली. बायांचा जीव वाचवणारं औषध ज्यातून निघतं, तेच झाड दुर्मीळ झालं.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समिती आणि नोंदवही आली. २००४ च्या नियमांत समितीवर किमान एक तृतीयांश बायका हव्यात, असं म्हटलं. रानातून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याकडून शुल्क घेण्याचा हक्कही समितीला आहे. कुठल्या ओढ्याकाठी नरक्या उरला आहे, हे सरपणाला जाणाऱ्या बाईला ठाऊक असतं. आपल्या गटानं या महिन्यात ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही मागावी आणि नरक्याचं पान उघडून पाहावं. कोरं असेल तर ते आपणच भरू.