नियम आणि प्रतीती : पतंजली व भास्कराचार्य

व्याकरण व गणित ही शास्त्रे नियम पाठ करून आत्मसात करावीत की प्रयोगाच्या सहवासातून, हा वाद आधुनिक अध्यापनशास्त्राने प्रथम उपस्थित केला, असा समज आढळतो. तो निराधार आहे. संस्कृत परंपरेस या प्रश्नाची जाणीव फार पूर्वीपासून होती. मात्र दोन शास्त्रांत त्याची उत्तरे भिन्न मिळाली.

महाभाष्याच्या पस्पशाह्निकात पतंजलीने एक कथा दिली आहे. बृहस्पतीने इंद्रास सहस्र दिव्य वर्षे एकेक शब्द सांगितला, तरी शब्दांचा अंत लागला नाही. सामान्य नियम व अपवाद यांची आवश्यकता पतंजली यावरून दाखवितो. परंतु घट हवा असणारा कुंभाराकडे जातो, तसा शब्द हवा असणारा वैयाकरणाकडे जात नाही, असेही तो तेथेच म्हणतो. अन्यत्र, अष्टाध्यायी न शिकताही शुद्ध बोलणाऱ्या शिष्टांना तो प्रमाण मानतो. म्हणजे नियम हा प्रयोगाचा संक्षेप होय, उगम नव्हे.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) पद्यबद्ध करणसूत्र व त्यापुढे उदाहरण अशी रचना आहे, पाठांतरास ती सोयीची. तथापि उपपत्ती न जाणणारा गणक विद्वत्सभेत प्रतिष्ठा पावत नाही व स्वतःही निःसंशय होत नाही, असे ते गोलाध्यायात बजावतात. बीजगणितात तर बुद्धी हेच खरे बीज, असा त्यांचा अभिप्राय आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये 'बुद्धिविलासिनी' टीकेत लीलावतीच्या सूत्रांच्या उपपत्ती दिल्या, त्या याच दृष्टीने.

येथे दोन शास्त्रांतील भेद स्पष्ट होतो. श्रेढीच्या बेरजेचे सूत्र विसरले, तर आद्य व अंत्य पदांची जोडी लावून ते पुन्हा उभे करता येते. परंतु 'पति' शब्दाची तृतीया 'पत्या' आणि 'भूपति' शब्दाची 'भूपतिना' का, याचे उत्तर कोणत्याही अनुमानाने मिळत नाही. पाणिनीचे सूत्र तो भेद नोंदविते. त्याचे प्रामाण्य प्रयोगातच आहे.

संस्कृत ही घरातील भाषा न राहिल्यावर विद्यार्थ्यापुढे नियम आधी व प्रयोग नंतर येऊ लागला. रा. गो. भांडारकरांच्या 'मार्गोपदेशिके'ने प्रत्येक पाठात मोजके नियम, शब्द व भाषांतराची वाक्ये देऊन हे अंतर कमी केले. तथापि सुट्या वाक्यांचे भाषांतर म्हणजे ग्रंथवाचन नव्हे. गणिताच्या पाठांतरास उपपत्तीची जोड हवी, व्याकरणाच्या पाठांतरास विपुल वाचनाची. एकाचा उपाय दुसऱ्यास लावल्यास दोन्ही विषय निर्जीव होतात.