‘सेनासाहेब सुभा’ : एका राजपदवीचा अर्थ आणि उगम

मठाच्या बिरुदावलीत प्रत्येक पदाला कारण असते. एखादे पद परंपरेने आलेले असते, एखादे विद्येने, तर एखादे कोणा राजाने आदराने अर्पण केलेले असते. ती बिरुदे नुसती म्हणून टाकावयाची नसतात, त्यांचा अन्वय लावावयाचा असतो, असे पाठशाळेत पहिल्यापासून शिकविले जाते. राजांच्या पदव्यांविषयी मात्र आपण एवढी काळजी घेत नाही. पांढुर्णा-सौसर भागातील भाषणांतून आणि उत्सवांच्या पत्रिकांतून नागपूरकर भोसल्यांचा उल्लेख ‘छत्रपती’ असा केलेला पुष्कळदा आढळतो. त्यामागील भावना आदराची असते, यात संशय नाही. पण ती पदवी त्या घराण्याने कधी धारण केली नाही. त्यांची पदवी ‘सेनासाहेब सुभा’ ही होती, आणि तिच्यात आपल्या या मुलखाचा जितका इतिहास साठलेला आहे तितका ‘छत्रपती’ या थोर पदवीतही नाही. कारण ती रायगडावरची, ही आपल्याकडची.

सातपुड्याच्या घाटाखालचा हा पट्टा, ज्यात सौसर आणि पांढुर्णा ही गावे येतात, तो भोसल्यांच्या आधी देवगडच्या गोंड राजांचा होता. त्या घराण्याचा पहिला ठळक पुरुष जाटबा. अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त त्याचे नाव आहे. पण पदवीच्या दृष्टीने महत्त्वाचा राजा त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी झाला. तो दिल्लीच्या बादशहाकडे गेला, त्याने इस्लाम स्वीकारला, आणि १६८६ च्या सुमारास औरंगजेबाने त्याला देवगडचे राज्य देताना ‘बख्त बुलंद’ हे नाव दिले. आज नागपूर वसविणारा म्हणून ज्याची आठवण ठेवली जाते तो हाच राजा. नागपूरच्या स्थापनेचे वर्ष सामान्यतः १७०२ धरतात.

‘बख्त’ म्हणजे दैव आणि ‘बुलंद’ म्हणजे उंच. ज्याचे भाग्य उंच आहे तो बख्त बुलंद. संस्कृताच्या विद्यार्थ्यास येथे थोडा आनंद होईल, कारण फारसीतील ‘बख्त’ आणि आपले ‘भाग्य’ ही एकाच कुळातील आहेत. वाटून देणे या अर्थाचा ‘भज्’ हा धातू दोहोंच्या मुळाशी आहे, आणि वाट्यास आले ते दैव, अशी दोन्हीकडची कल्पना आहे. मराठीत ‘कमबख्त’ ही शिवी सर्वांस ठाऊक असते, पण तिचे ‘भाग्या’शी असलेले नाते फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

बादशहाने दिलेले भाग्य बादशहाच परत घेऊ शकतो, हेही या राजाच्या चरित्रात दिसते. बख्त बुलंदाने पुढे मोगलांविरुद्ध उठाव केला आणि मराठ्यांशी संधान बांधले. तेव्हा संतापलेल्या औरंगजेबाने, याला यापुढे ‘नगूनबख्त’ म्हणावे, म्हणजे ज्याचे दैव पालथे झाले तो, असा हुकूम काढला. हा प्रसंग १६९९ च्या आसपासचा. दप्तरात त्याचे भाग्य उलटे झाले. लोकांनी त्या हुकमाची फारशी पर्वा केलेली दिसत नाही, कारण इतिहासात त्याचे नाव बख्त बुलंद असेच राहिले.

आता त्याच सुमारास दक्षिणेत काय घडत होते ते पाहावे. जिंजीहून परतलेले राजाराम महाराज मराठी फौजांची नव्याने मांडणी करीत होते. हैबतराव निंबाळकरांकडे सरलष्कर हे पद आणि गोदाकाठचा प्रदेश, खंडेराव दाभाड्यांकडे बागलाण, आणि हिंगणीकर भोसल्यांपैकी परसोजीकडे वऱ्हाड व गोंडवन, अशी वाटणी झाली. परसोजींची पदवी होती ‘सेनासाहेब सुभा’. हे गोंडवन म्हणजे देवगड-चांद्याचेच राज्य. एका बाजूस बादशहा देवगडच्या राजाची पदवी उलटी करीत होता आणि दुसऱ्या बाजूस सातारकर छत्रपती त्याच भूमीसाठी एक नवी पदवी घडवीत होते. दोघांच्याही ताब्यात ही भूमी त्या वेळी नव्हती. अठराव्या शतकातील या मुलखाचा पुष्कळसा इतिहास या एका विसंगतीतून उलगडतो, असे मला वाटते.

पदवीचे तीन अवयव आहेत. ‘सेना’ हा शब्द वेदाइतका जुना. यास्कांनी निरुक्तात त्याची फोड दोन प्रकारांनी केली आहे : जी ‘इन’ म्हणजे स्वामी याच्यासह असते ती सेना, किंवा जिची गती एक असते ती सेना. पहिली व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसास उतरेल की नाही हा प्रश्न वेगळा, पण नायकाशिवायचा जमाव म्हणजे सेना नव्हे हा तिचा आशय मोलाचा आहे. ‘साहेब’ हा अरबी शब्द. मूळ अर्थ सोबती, बरोबर असणारा. त्यावरून बाळगणारा, आणि त्यावरून धनी. म्हणजे ज्या अर्थाने यास्कांना सेनेत स्वामी दिसला, त्याच अर्थाचा परका शब्द येथे सेनेस जोडला गेला आहे. ‘सुभा’ हाही अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी ‘दिशा’ हा अर्थ आहे. अकबराने १५८० मध्ये आपल्या राज्याचे बारा भाग पाडले, त्यांस सुबा म्हणत. हिंदीत अजूनही ‘सूबा’ म्हणतात. मराठीने ‘ब’चा ‘भ’ केला. ‘शुभ’ शब्दाची छाया पडून तसे झाले असावे, असा माझा तर्क आहे. तो तर्कच समजावा. मराठीत सुभा म्हणजे प्रांत, आणि त्या प्रांताचा अधिकारी हाही. प्रस्तुत पदवीत हा दुसरा अर्थ घेतला पाहिजे : सैन्याचा साहेब आणि प्रांताचा सुभा. एकाच माणसाच्या हाती तलवार व वसुली दोन्ही सोपविल्याचा तो निर्देश आहे.

येथे कोणी विचारील की, शिवछत्रपतींनी तर राज्याभिषेकानंतर फारसी पदनामे काढून ‘सरनोबता’चा ‘सेनापती’ केला, ‘राज्यव्यवहारकोश’ रचवून घेतला. मग पंचवीस वर्षांत पुन्हा ‘साहेब’ आणि ‘सुभा’ कोठून आले? उत्तर भाषेपेक्षा राज्यकारभारात शोधावे लागते. सेनापती हे अष्टप्रधानांतील एक पद होते आणि ते एकाच व्यक्तीस देता येई. जिंजीच्या वेढ्यानंतर राज्य टिकले ते अनेक स्वतंत्र सरदारांच्या बळावर. त्या प्रत्येकास मान देणे प्राप्त होते, पण प्रत्येकास सेनापती करता येत नव्हते. म्हणून सेनापतीच्या भोवती त्याच्यासारखीच पण त्याहून वेगळी नावे उभी राहिली. सेनासाहेब सुभा हे त्यांतले एक. दाभाड्यांचे व पुढे गायकवाडांचे ‘सेनाखासखेल’ हे दुसरे. ‘सरलष्कर’ तर पूर्ण फारसी. कोशातील शुद्धी ही स्थिर राज्याची चैन असते. धावपळीच्या राज्याने जवळ असलेल्या शब्दांवर काम भागविले. संस्कृताचा अभ्यासक म्हणून मला हे थोडे खुपते, पण खुपले तरी ते असेच झाले.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा त्यांस प्रथम येऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी होते. शाहूंनी पदवी कायम केली. परसोजी १७०९ मध्ये वारले. त्यांचे पुत्र कान्होजी यांच्याकडे ती आली, पण त्यांचे साताऱ्याशी बिनसले, आणि पुतणे रघुजी यांनी शाहूंच्या आज्ञेवरून चुलत्यास पकडून साताऱ्यास पाठविले. ही घटना १७३० च्या सुमाराची. यानंतर सेनासाहेब सुभा रघुजी झाले. पदवी वंशात राहिली, पण ती साताऱ्याच्या हातून मिळावी लागे आणि साताऱ्याच्या हातूनच जाई, हे या प्रसंगाने स्पष्ट होते.

देवगडास रघुजी आले ते स्वतःहून नव्हे. बख्त बुलंदाचा पुत्र चांद सुलतान १७३९ मध्ये वारला आणि वलीशहाने गादी बळकाविली. राणी रतनकुंवर यांनी वऱ्हाडातून रघुजींस साहाय्यास बोलाविले. रघुजींनी वलीशहाचा पाडाव करून बुऱ्हाणशहा व अकबरशहा या राजपुत्रांस गादीवर बसविले, मोबदला घेतला, आणि ते परत गेले. पुढे भावाभावांत कलह माजला. रघुजींस दुसऱ्यांदा बोलावणे आले, आणि या वेळी, १७४३ मध्ये, ते परतले नाहीत. अकबरशहा हैदराबादेस गेला. बुऱ्हाणशहास मात्र रघुजींनी पदच्युत केले नाही. त्याची बाह्य राजचिन्हे राहू दिली, नेमणूक बांधून दिली, आणि सारी सत्ता आपल्याकडे घेतली. त्याचे वंशज पुढेही ‘राजा’ म्हणवीत नागपुरास राहिले.

यात रघुजींचे औदार्य किती आणि धोरण किती? माझ्या मते धोरण अधिक. देवगडच्या प्रजेस आपला राजा दिसत राहिला, म्हणून ती बिथरली नाही. आणि पुण्याहून पेशव्यांनी हिशेब मागितला तर मुलूख गोंड राजाचा आहे, आम्ही त्याचे पाठीराखे, असे म्हणावयास जागा राहिली. साताऱ्याकडे तोंड केले की सेनासाहेब सुभा, म्हणजे छत्रपतींचा अधिकारी. देवगडकडे तोंड केले की गोंड राजाचा रक्षक. बंगालपर्यंत ज्यांच्या फौजा गेल्या, १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने ज्यांस वर्षाची बारा लाख चौथ कबूल केली, ते रघुजी कोणत्याही बाजूने स्वतःस सार्वभौम म्हणवीत नव्हते. कालिदासांनी राजा शब्दाचा संबंध प्रजेच्या रंजनाशी जोडला आहे. आपल्या मुलखात ‘राजा’ एक होता, आणि राज्य दुसरा करीत होता.

रघुजी १७५५ मध्ये वारले. सेनासाहेब सुभा ही पदवी थोरले पुत्र जानोजी यांस मिळाली, आणि मुधोजींच्या समाधानासाठी ‘सेनाधुरंधर’ ही नवी पदवी निघाली. धुरंधर म्हणजे जू वाहणारा. शब्द निखळ संस्कृत, पण मान दुसऱ्या क्रमांकाचा. जानोजींच्या मागे मुधोजी आणि साबाजी या भावांचे वैर पेटले ते नागपूरजवळ पाचगावच्या लढाईपर्यंत. तेथे २६ जानेवारी १७७५ रोजी साबाजी पडले.

‘छत्रपती’ म्हणवून घेण्याची खरी संधी या घराण्यास एकदा चालून आली होती. साताऱ्याचे रामराजे डिसेंबर १७७७ मध्ये निवर्तले. इंग्रजांचे पुण्याशी वैर होते. मुधोजींचे आडनाव भोसले; त्यांस साताऱ्याच्या गादीचा हक्क सांगावयास लावावे आणि आपण पाठबळ द्यावे, असा बेत वॉरन हेस्टिंग्जने केला. त्यासाठी अलेक्झांडर इलियट नावाचा वकील कलकत्त्याहून नागपूरकडे निघाला आणि सप्टेंबर १७७८ मध्ये सारंगगडच्या वाटेवर तापाने वारला. पण बेत फसला तो केवळ वकिलाच्या मृत्यूमुळे नव्हे. मुधोजींनी तो हक्क कधी मांडलाच नाही. जी पदवी परक्याने पुढे केली असताही पूर्वजांनी उचलली नाही, ती आपण आज त्यांच्या नावामागे लावावी, यात त्यांचा गौरव कोणता?

पदवीसाठी या मुलखात रक्त सांडले ते पुढे. १८१६ मध्ये नागपूर दरबाराने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीस पेशव्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले असतानाच बाजीरावांनी आप्पासाहेब भोसल्यांकडे सेनापतिपदाची वस्त्रे पाठविली. रेसिडेंट जेंकिन्सने, ती घेणे म्हणजे वैर पत्करणे होय, असे बजावले. आप्पासाहेबांनी २४ नोव्हेंबरला समारंभाने वस्त्रे घेतली. २६ व २७ तारखांस सीताबर्डीची लढाई झाली आणि तीत भोसल्यांचा पराभव झाला. सव्वाशे वर्षांपूर्वी जे पद द्यावयाचे नव्हते म्हणून ‘सेनासाहेब सुभा’ हे दुसरे नाव काढावे लागले, ते सेनापतिपद या घराण्यास मिळाले ते हे असे, दोन दिवसांपुरते. पुढे इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरांत लपले, तेव्हा त्यांस आश्रय दिला तो हर्रईच्या चैनशहा या गोंड जमीनदाराने.

तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्याबरोबर सौसर-पांढुर्ण्याचा मुलूखही इंग्रजांकडे गेला. १८५७ नंतर, कॅनिंगच्या कारकिर्दीत, दत्तकपुत्र जानोजी यांस एक पदवी देण्यात आली : ‘राजेबहादूर, देऊर’. देऊर हे सातारा जिल्ह्यातील गाव. या पदवीत सेनाही नाही आणि सुभाही नाही. शंभराहून अधिक वर्षे जो ‘राजा’ शब्द त्यांनी देवगडच्या गोंड घराण्याकडे राहू दिला, तो त्यांस आता मिळाला, पण ज्या मुलखावर त्यांनी राज्य केले त्याचे नाव त्याच्याशी जोडलेले नव्हते. मुलूख छिंदवाड्याच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे गेला होता. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, हा मराठी पट्टा मध्य प्रदेशातच राहिला, आणि २०२३ मध्ये पांढुर्णा व सौसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.