ब्रेकच्या लायनरमधला कापूस

यवतमाळला आमच्या घरी एक जुनी फियाट होती. आमचे थोरले बंधू अंगणातल्या निंबाखाली ती जॅकवर चढवीत, चाकाचा ड्रम काढीत आणि आतली काळी धूळ फुंकर मारून उडवीत. मग जुन्या शूवर नवे लायनर रिव्हेट ठोकून बसवायचे. ते घट्ट होत असतील तर कानशीने घासायचे. त्या धुळीचा इतिहास आम्हांला पुष्कळ उशिरा कळला.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ या बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनविलेल्या मोटारीतून मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला आईकडे निघाल्या. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. बाईंनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे लायनर ते हेच!

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारे यंत्र. १००० किलोची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे १ लाख ४० हजार जूल उष्णता निर्माण होते. तेवढ्यात एक लिटर पाण्याचे तापमान ३३ अंशांनी वाढेल. चामडे हे फार काळ कसे सोसणार?

इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ च्या सुमारास डांबरासारख्या द्रव्यात भिजवलेल्या विणलेल्या कापसाचे लायनर केले. कापसाच्या मुलखातल्या आम्हां यवतमाळकरांना याची मोठी गंमत वाटते! पण कापूस १५० अंश सेल्सिअसच्या आसपास करपू लागतो. म्हणून १९०८ मध्ये फ्रूड ॲस्बेस्टॉसकडे वळले. हा तंतुमय खनिज पदार्थ जळत नाही, विणता येतो आणि स्वस्तही पडतो. पुढे अनेक दशके मोटारींचे लायनर त्याचेच होत.

त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि कर्करोग बहुधा काही दशकांनी प्रकटतो. ब्रेक दुरुस्त करणाऱ्यांना नेमका किती धोका, यावर संशोधकांत मतभेद आहेत. ब्रेकच्या उष्णतेने बरेचसे तंतू मोडून निराळे खनिज बनते, हे खरे. पण नवे लायनर कानशीने घासताना तंतू जसेच्या तसे उडतात. म्हणजे आम्ही फुंकरीला भीत होतो, तर कानस अधिक वाईट निघाली.

१९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद, कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवावी, असा आदेश दिला. रोग दिसायला किती काळ लागतो, ते या आकड्यांवरून कळावे. अंगणातल्या हौशी मेकॅनिकची नोंद मात्र कुणाकडेच नसते.

ॲस्बेस्टॉसविरहित लायनर आज सर्रास मिळतात. तरी जुन्या गाडीत वा माळ्यावरच्या जुन्या खोक्यात काय आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. ड्रम उघडायचाच झाला तर फुंकर नको, हवेचा पंपही नको. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके ओले असतानाच पिशवीत बांधावे. बंधू आता असेच करतात.