अंकविद्येची वाट : महावीराचार्य ते कुमठे

जैन परंपरेने गणितास केवळ देवघेवीचे साधन मानले नाही. चार अनुयोगांपैकी करणानुयोगाच्या अभ्यासास गणिताचे ज्ञान अपरिहार्यच ठरते. इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या राजवटीत महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आजचे सातारा व सांगली जिल्हे त्या काळी याच साम्राज्यात मोडत. या ग्रंथातील उदाहरणे रूक्ष नाहीत. कमळांवरील भुंगे, फळांच्या राशी, तुटलेल्या हारातून विखुरलेले मोती अशा परिचित वस्तूंतून आचार्य अपूर्णांक शिकवतात. १४२८५७१४३ या संख्येस ७ ने गुणले असता १००००००००१ हे उत्तर येते. दोन्ही बाजूंनी सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अशा संख्यांना त्यांनी कंठातील हाराची उपमा दिली. मद्रास येथे १९१२ मध्ये हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापला गेला आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला.

पुढील काळात गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत मुले धूळपाटीवर अंक गिरवीत. पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी मुखोद्गत करवून घेतली जाई. सायंकाळी घरोघरी परवचा होई. सोळा आण्यांच्या रुपयाचा आणि शेर-पायलीचा हिशेब त्यामुळे जिभेवर असे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि हे पाढे मागे पडले. त्या पद्धतीने स्मरणशक्ती घडवली हे खरे. परंतु ज्यास अर्थ उमगत नसे त्याच्या वाट्याला छडी येई, आणि बहुजनांच्या मुलांना तर त्या शाळेचा उंबराही दूर होता.

हा उंबरा ओलांडून देणारे कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः गणितात नापास झालेले विद्यार्थी होते, हे विसरता येत नाही. त्यांचे घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. कोल्हापुरात शिकत असताना, ‘तो बसतो ते बाक एक वेळ वरच्या वर्गात चढवीन, पण त्याला नाही,’ असे त्यांच्या शिक्षकांनी सुनावल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. याच भाऊरावांनी पुढे साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतात राबत. जेथे जेवणारे किती आणि कोठारातील धान्य किती दिवस पुरेल हा रोजचाच प्रश्न असतो, तेथे त्रैराशिक पुस्तकात बंदिस्त राहत नाही. प्राथमिक शिक्षक घडविण्यासाठी संस्थेने १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालयही सुरू केले.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी, शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, हाच धागा पुढे नेला. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे दशक हे मूल हाताने बांधून शिकू लागले. मण्यांची माळ मोजण्यास आली आणि फरशीवरील आखणीवर संख्यांचे खेळ रंगले. राज्यभरातील शिक्षक हे वर्ग पाहण्यास येऊ लागले.

आचार्यांचे मोती आणि कुमठ्याचे मणी यांत अकरा शतकांहून अधिक अंतर आहे. परंतु बालकास अंक आधी आपलासा वाटला पाहिजे, ही दृष्टी एकच आहे. गणितात मागे पडलेले मूल बुद्धीने मागे असतेच असे नाही, याची साक्ष कर्मवीरांच्या जीवनाने दिली आहे. ज्ञानदानास श्रेष्ठ दान मानणाऱ्या समाजाने ती साक्ष सदैव स्मरणात ठेवावी.